पायवाटेवर पहिला हक्क कोणाचा?

मृग आणि आर्द्रा ही दोन नक्षत्रे बरी बरसली की छत्रपती संभाजीनगरच्या भोवतालचे डोंगर पंधरा दिवसांत रूप पालटतात. एरवी उन्हाने करपलेले म्हैसमाळचे पठार हिरवे होते, वेरूळच्या लेण्यांवरून पाण्याच्या धारा कोसळू लागतात आणि रविवारी सकाळी खुलताबादच्या रस्त्याला दुचाकींची रांग लागते. शहरातील ज्यांना एवढ्या लांब जायचे नसते, ते विद्यापीठामागच्या गोगाबाबा टेकडीवर किंवा साताऱ्याच्या डोंगरावर जातात. ज्यांना अधिक हवे असते, ते कन्नडच्या पुढे पितळखोरे आणि गौताळा गाठतात. वर्षाचे आठ महिने रखरखाटात काढणाऱ्या शहराला या हिरवाईची ओढ वाटावी, यात गैर काहीच नाही. उलट, व्यायामशाळेच्या चार भिंतींत चालत्या पट्ट्यावर चालण्यापेक्षा डोंगरावर चालणे केव्हाही श्रेयस्कर. प्रश्न ओढीचा नसून ती भागविण्याच्या रीतीचा आहे, आणि ही रीत अद्याप शहराच्या अंगवळणी पडलेली नाही.

सह्याद्रीच्या मुख्य रांगेला लागून असलेल्या मुंबई-पुण्याची गोष्ट वेगळी. तेथे १९५० च्या दशकापासून गिर्यारोहणाच्या संस्था उभ्या राहिल्या. गो. नी. दांडेकरांसारख्या लेखकाने गडांची वाट कशी चालावी, याचे संस्कार दोन पिढ्यांवर केले. नवखा माणूस जाणत्याचे बोट धरूनच डोंगरात शिरे. मराठवाड्यात ही परंपरा उशिरा रुजली. रफीक शेख यांनी २०१६ मध्ये आणि मनीषा वाघमारे यांनी २०१८ मध्ये एव्हरेस्टवर पाऊल ठेवले, तेव्हा या शहराला गिर्यारोहण ही आपलीही गोष्ट असू शकते याची जाणीव झाली. परंतु शिखरे गाठणाऱ्यांची शिस्त मूठभरांपुरती राहिली आणि मोबाइलच्या पडद्यावरून आलेली गर्दी मात्र हजारोंची झाली. जाणत्याचे बोट धरण्याचा टप्पाच मधून गळून गेला.

त्याची किंमत गेल्या काही वर्षांत मोजावी लागली आहे. जुलै २०२३ मध्ये अजिंठा लेण्यांसमोरच्या दृश्यस्थळावर छायाचित्र काढण्याच्या नादात एक तरुण सप्तकुंड धबधब्याच्या कुंडात कोसळला. त्याला पोहता येत होते, कपारीचा आधार सापडला आणि वर दोर टाकणारी माणसे वेळेवर पोहोचली, म्हणून तो वाचला. वर्षभराने, जून २०२४ मध्ये, सुलीभंजनच्या दत्तधाम परिसरात मोटार मागे घेताना ती थेट दरीत गेली आणि एका तरुणीचा अंत झाला. तो क्षण सोबतीच्या मोबाइलमध्ये चित्रित होत होता. त्याच महिन्याच्या अखेरीस लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या वरच्या अंगाला एकाच कुटुंबातील पाच जण लोंढ्यात वाहून गेले आणि जुलैमध्ये रायगड जिल्ह्यात कुंभे धबधब्याजवळ चित्रफीत करताना एक तरुणी खोल घळीत पडून दगावली. १५ जून २०२५ रोजी इंद्रायणीवरील कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या भाराने कोसळला, त्यात चौघांचा बळी गेला. यांपैकी एकही घटना अवघड सुळक्यावरची नव्हती. एकाच्याही पाठीवर गिर्यारोहणाचे सामान नव्हते. सगळ्या घटना अशा ठिकाणच्या, जेथे माणूस आपण सहलीला आलो आहोत असे समजून वावरतो.

अशा प्रत्येक घटनेनंतर प्रशासनाचे उत्तर ठरलेले असते. २०२४ च्या पावसाळ्यात ते पुन्हा दिसले. भुशीच्या दुर्घटनेनंतर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे पूर्वीच्या जमावबंदीच्या कलम १४४ च्या जागी आलेल्या तरतुदीनुसार, धबधबे, धरणे आणि किल्ल्यांभोवती मनाई आदेश निघाले. मनाईला तातडीच्या काळात अर्थ आहे, हे मान्य करावे लागेल. हवामान खात्याने लाल इशारा दिला असताना घळीत उतरू पाहणाऱ्याला अडविणे हे शासनाचे कर्तव्यच होय. तथापि, चार महिने सरसकट बंदी घालून बसणे म्हणजे डोंगराची ओळखच न होऊ देणे. बंदीचा फलक मुख्य रस्त्यावर लागतो, पोलिस शनिवार-रविवारी तेथे उभे राहतात आणि अतिउत्साही मंडळी शेताच्या बांधावरून आडवाटेने वर जातात. या आडवाटेवर अपघात झाला तर मदत मागायलाही माणूस कचरतो, कारण मुळात तेथे असणेच बेकायदा. शिवाय मक्याची कणसे भाजून चार पैसे मिळविणारा गावकरी बंदीत भरडला जातो, तो वेगळाच.

मग करायचे काय, हा प्रश्न उरतो. त्याचे निम्मे उत्तर या डोंगरांच्या घडणीत आहे. सातमाळा आणि अजिंठ्याच्या रांगा म्हणजे लाव्हाचे थर एकावर एक रचून झालेले पठार. वर सपाट माळ, मध्येच ताशीव कडा, खाली घळ. वरच्या माळावर चालणाऱ्याला कड्याची कल्पना येत नाही. गवत कड्याच्या ओठापर्यंत वाढलेले असते आणि त्याखालचा मुरूम पावसाने सुटलेला असतो. अजिंठ्याचा वाघूर नदीचा नालाकार कडा पाहिला म्हणजे हे ध्यानी यावे. काठाच्या दोन हात अलीकडे थांबणारा सुरक्षित असतो आणि काठावर पाय सोडून बसणारा दैवाच्या हवाली. घळीतला धोका याच्या उलट. धबधब्याखाली उभ्या असलेल्या माणसाला डोक्यावर निरभ्र आकाश दिसत असते, पण वरच्या पठारावर दूर कोठे तरी ढग फुटलेला असतो. ते पाणी चोहोबाजूंनी ओहोळांतून एकवटते आणि कड्यावरून एकदम खाली येते. पाण्याचा रंग अचानक गढूळ होणे, त्यात पालापाचोळा आणि काटक्या वाहून येणे, आवाज बदलणे ही त्याची आगाऊ चिन्हे. ती गुराख्याच्या पोराला कळतात. ती कळली की छत्री-चपला सोडून वरचा काठ गाठायचा असतो, चित्रफीत काढत थांबायचे नसते. शाळेच्या भूगोलात घळ म्हणजे काय हे शिकविले जाते; तीत केव्हा उतरू नये, हे मात्र कोणी शिकवीत नाही.

उत्तराचा उरलेला भाग माणसांच्या परस्पर व्यवहाराचा आहे आणि तोच अधिक दुर्लक्षित आहे. शहरातून येणाऱ्याला पायवाट ही मोकळी, कोणाच्याच मालकीची नसलेली वाटते. वास्तविक सातमाळ्यातील एकही पायवाट पर्यटकांसाठी पडलेली नाही. काही वाटा गुरांच्या खुरांनी पडल्या, काही तांड्यावरून बाजाराला जाणाऱ्या बायाबापड्यांच्या पावलांनी, काही सरपणासाठी, काही देवदर्शनासाठी. पितळखोऱ्याची लेणी इसवी सनापूर्वीची. सातवाहनांच्या काळात व्यापाऱ्यांचे तांडे घाटांतून खाली खानदेशात उतरत, त्या राबत्याच्या आसपासच ही लेणी कोरली गेली. म्हणजे वाट वाटून घेण्याची परंपरा या डोंगरात दोन हजार वर्षांची आहे. अंतूर किल्ल्याच्या परिसरात निजामशाहीच्या काळातील एक दगडी स्तंभ आहे. त्यावर फारसीत कोणती वाट कोणत्या गावाला जाते, ते कोरलेले आहे. अनोळखी वाटसरूची काळजी वाहणारी ही व्यवस्था होती. आज अनेक गडांच्या वाटांवर दगडांवर रंगवलेले बाण सापडतात, पण ते कोणी, केव्हा आणि कोठे जाण्यासाठी काढले, हे कळायला मार्ग नसतो. एका गटाने काढलेल्या चुकीच्या बाणामागे पुढचे दहा गट भरकटतात.

तेव्हा पायवाटेवर पहिला हक्क कोणाचा? जगभरच्या डोंगरयात्रींमध्ये याविषयी एक साधा संकेत आहे. अरुंद वाटेवर चढणाऱ्याला उतरणाऱ्याने वाट द्यावी, कारण चढणाऱ्याची लय तुटली की त्याचा दम जातो आणि खाली मान घालून चढताना त्याला समोरचे दिसतही नसते. पण आपल्याकडे त्याआधी आणखी एक पायरी आहे. डोक्यावर मोळी किंवा हंडा घेतलेली बाई, आणि कळप घेऊन येणारा गुराखी. यांना वाट देणे हा सौजन्याचा नव्हे, हक्काचा भाग मानावयास हवा. गुरे येताना दिसली की डोंगराच्या अंगाला, म्हणजे दरीच्या उलट बाजूला, सरकून शांत उभे राहावे; दरीच्या बाजूला उभे राहिलेल्या माणसाला बुजलेल्या म्हशीचा नुसता धक्काही पुरेसा असतो. तीच गोष्ट मोठ्या गटांची. वीस-पंचवीस जणांचा गट वाटेवर फतकल मारून बसतो आणि मागून येणाऱ्याला निसरड्या उतारावरून वळसा घालावा लागतो. त्यातून वाट रुंदावते, कडेचे गवत तुडवले जाते, पुढच्या पावसात तेथे ओघळ पडतो आणि दोन-तीन वर्षांत पायवाटेची नाली होते. नाशिकजवळच्या हरिहर गडाच्या कातळपायऱ्यांवर एका वेळी एकच माणूस एका दिशेने जाऊ शकतो. तेथे वरून उतरणारे आणि खालून चढणारे समोरासमोर अडकून पडल्याची दृश्ये टाळेबंदी उठल्यानंतरच्या काळात साऱ्या महाराष्ट्राने पाहिली आहेत.

वाट वाटून घेण्याचा याहून मोठा धडा मात्र या शहराला कोणा परक्याकडून घेण्याची गरज नाही. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री आणि श्रावणी शनिवारी हजारो भाविक शहरातून खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जातात. सुमारे पंचवीस किलोमीटरची ही वाट छावणी, मिटमिटा ओलांडून देवगिरीच्या पायथ्याने दौलताबादच्या घाटात चढते. त्या रात्री वाहतूक अन्य मार्गांनी वळविली जाते, जागोजागी पाणी, चहा आणि फराळ वाटला जातो, पाय चेपून देणारेही भेटतात. म्हातारी माणसे, लहान मुले, अनवाणी चालणारे, धावणारे, सारे एकाच रस्त्यावर असतात आणि कोणी कोणाला ढकलीत नाही. गर्दी म्हणजे बेशिस्त, हे समीकरण येथे खोटे ठरते. अर्थात या पदयात्रेलाही एक गालबोट आहेच. सकाळी रस्त्याच्या दोन्ही कडांना प्लास्टिकचे पेले आणि पत्रावळींचा खच पडलेला असतो. फराळ वाटणाऱ्याने पिंपही ठेवावे आणि सकाळी ते उचलून न्यावे, एवढी अपेक्षा पुण्यकर्माच्या आड येणारी नाही. अंधारात चालणाऱ्यांनी वाहने समोरून येताना दिसतील अशा बाजूने चालावे आणि हाती विजेरी बाळगावी, हेही तितकेच साधे.

माणसांखेरीज या वाटांचे आणखीही वाटेकरी आहेत. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. सुमारे २६० चौरस किलोमीटरचे हे शुष्क पानझडी जंगल छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. बिबटे तेथे पूर्वीपासून आहेत. २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून तीनशेहून अधिक किलोमीटरची मजल मारून आलेला एक वाघ तेथील कॅमेऱ्यात टिपला गेला, आणि अनेक दशकांनंतर या जंगलाने वाघ पाहिला. बिबट्या तर शहरातही येऊन गेला आहे. डिसेंबर २०१९ मध्ये सिडको एन-१ मध्ये त्याला बेशुद्ध करून पकडावे लागले, जुलै २०२४ मध्ये उल्कानगरीत तो सीसीटीव्हीत दिसला. या प्राण्यांपासून माणसाला असलेल्या धोक्याची चर्चा खूप होते. माणसापासून त्यांना होणारा उपद्रव मात्र चर्चेत येत नाही. पाठीवर ध्वनिवर्धक अडकवून गाणी वाजवीत जाणारा गट जंगलातून गेला की पाणवठ्यावर येणारी जनावरे दिवसभर फिरकत नाहीत. हे ज्यांना पटत नसेल त्यांनी निदान एवढे ध्यानात घ्यावे की त्या गोंगाटात वरून सुटलेल्या दगडाचा आवाजही ऐकू येत नाही.

मधमाश्यांबाबत तर निष्काळजीपणाला क्षमा नाही. लेण्यांच्या कपाळपट्टीला आणि कड्यांच्या पोटाला आग्या मोहोळे लटकलेली असतात. धूर, दगड, फटाके, उग्र अत्तर यांनी ती उठतात आणि दोषी-निर्दोष असा भेद करीत नाहीत. एकाने मारलेला दगड पाठीमागून येणाऱ्या शाळेच्या सहलीला भोवतो. माश्या उठल्या तर हातवारे न करता चेहरा झाकून शक्य तितक्या लवकर दूर जाणे, एवढाच उपाय आहे. सर्पदंशाबाबतही गैरसमजच अधिक. पावसाळ्यात घोणस, फुरसे, मण्यार आणि नाग हे चारही विषारी साप या भागात दिसतात. दंशाच्या जागी कापणे, चोखणे, दोरीने करकचून आवळणे हे सारे घातक. दंश झालेला अवयव न हलविता रुग्णाला जवळच्या ग्रामीण रुग्णालयात वा शहरातील घाटीत पोहोचविणे हेच हिताचे. त्यासाठी परतीची वाट आणि वाहन आधीपासून ठाऊक असावे लागते.

पाऊस संपला की धोक्याचे रूप बदलते. फेब्रुवारीपासून गवत वाळते, सागाची पाने गळतात आणि विझवलेली समजून फेकलेली एक विडी पुरेशी होते. एप्रिल २०२५ मध्ये देवगिरी किल्ल्यावर आग भडकली, तेव्हा यादवांची ही राजधानी धुराने वेढलेली शहरवासीयांनी पाहिली. उभ्या कड्याच्या किल्ल्यावर अग्निशमनाचा बंब चढत नाही, हे त्या वेळी प्रत्ययास आले. आगीचे कारण काहीही असो, वाळलेल्या डोंगरावर शेकोटी किंवा चूल पेटविणाऱ्याला पुढे काय होऊ शकते, हे आता वेगळे सांगायला नको. अभयारण्यात आग लावणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्याला १९५८ च्या पुरातत्त्व कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो; भिंतीवर आपले आणि प्रियजनाचे नाव कोरणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते?

कायद्यांची वाण नाहीच, वाण आहे ती जबाबदारी नेमकी कोणाची हे ठरण्याची. वेरूळ, अजिंठा, देवगिरी, पितळखोरे ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. गौताळ्याचे जंगल वन्यजीव विभागाकडे. काही किल्ले राज्य पुरातत्त्व खात्याकडे, घाटरस्ते बांधकाम वा महामार्ग यंत्रणेकडे, पायथ्याची जमीन ग्रामपंचायतीची किंवा खासगी. पर्यटकाच्या दृष्टीने मात्र ती एकच वाट असते. स्मारकाच्या कुंपणात सुरक्षारक्षक असतो, कुंपणापलीकडच्या कड्यावर कोणीच नसतो, आणि अजिंठ्याच्या त्या तरुणाचा पाय घसरला तो अशाच, लेण्यांच्या समोरच्या माथ्यावर.

संघटित सहलींबाबत शासनाने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेबाबत २०१४ मध्ये निघालेला शासन निर्णय गिर्यारोहण संस्थांना अव्यवहार्य वाटला, २०१८ मध्ये त्याची जागा दुसऱ्या निर्णयाने घेतली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याचे साहसी पर्यटन धोरण आले. आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, प्रशिक्षित मार्गदर्शक, प्रथमोपचार आणि आणीबाणीची तयारी ठेवावी, असा त्याचा रोख आहे. प्रत्यक्षात शुक्रवारी रात्री व्हॉट्सअॅपवर निरोप फिरवून माणशी काही शे रुपये गोळा करायचे आणि रविवारी बस भरून न्यायची, हा धंदा राजरोस चालतो. पन्नास अनोळखी माणसे, दोन स्वयंसेवक, तेही विशीतले. पैसे भरणाऱ्याने नोंदणी आहे काय, मागे राहिलेल्यांसोबत कोण असेल, पाऊस वाढला तर परत फिरण्याचा निर्णय कोण घेईल, एवढे तीन प्रश्न विचारले तरी अशा पुष्कळ सहली निघण्याआधीच रद्द होतील. परत फिरणे हा पराभव मानणारा आयोजक डोंगरात नेण्याच्या लायकीचा नव्हे.

अपघात झाल्यावर धावून येणारी यंत्रणा आजही प्रामुख्याने स्वयंसेवकांची आहे. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाच्या पुढाकाराने राज्यभरातील बचाव पथकांचा समन्वय केला जातो. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा चिखलाची वाट तुडवीत मदतीला गेलेल्यांत गिर्यारोहक होते. परंतु अशी अनुभवी पथके मुख्यतः पुणे, लोणावळा, रायगड, नाशिक या पट्ट्यात एकवटलेली आहेत. पितळखोऱ्याच्या घळीत पाय मोडून पडलेल्या माणसाकडे पोहोचायला त्यांना कित्येक तास लागतील. तोवर हाती असतो तो ११२ हा क्रमांक, आणि घळीत मोबाइलला संपर्क मिळेलच असे नाही. म्हणूनच जुन्या गिर्यारोहकांच्या गळ्यात शिट्टी असते: मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर विराम, पुन्हा सहा. हा गिर्यारोहकांमधील संकटाचा संकेत आहे. पण तो ऐकणाऱ्याला कळला पाहिजे, आणि ऐकणारा बहुधा शेजारच्या उतारावर गुरे राखणारा असणार.

नेमके तेथेच काम करण्यासारखे आहे. कन्नड, सोयगाव, खुलताबाद या तालुक्यांतील डोंगरालगतच्या गावांत वाटा जाणणारी माणसे आहेत. वनखात्याच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्या कागदावर का होईना, अस्तित्वात आहेत. या गावांतील दहा-दहा तरुणांना दोर, स्ट्रेचर आणि प्रथमोपचाराचे शिक्षण देऊन पावसाळ्याचे चार महिने मार्गदर्शक म्हणून मानधनावर नेमले, पायथ्याशी येणाऱ्यांची नावे आणि परतण्याची वेळ नोंदविण्याचे काम त्यांच्याकडे दिले, तर संध्याकाळी कोण उतरले नाही, हे निदान कळेल. आज ते घरच्यांनी रात्री पोलिस ठाण्यात चौकशी केल्यावर कळते. या नोंदवहीचा खर्च शनिवार-रविवारच्या बंदोबस्तापेक्षा जास्त नसावा. जिल्हा नियोजन समितीच्या आराखड्यात पर्यटनासाठी दरवर्षी तरतूद होते. ती प्रवेशकमानी आणि छायाचित्रासाठीच्या अक्षरशिल्पांऐवजी येथे वळविण्याचा निर्णय उन्हाळ्यातच घ्यावा लागेल, कारण पहिला पाऊस पडल्यावर प्रशासनाच्या हाती पुन्हा मनाई आदेशच उरतो.